बाकासमोर उभ्या काकू

कुठल्याही खोलीत शिरल्या की काकू आधी खुर्ची हलवायच्या. पोलीस चौकी असो, सरकारी दवाखाना असो, नाहीतर नारायण पेठेतल्या आमच्या संघटनेच्या दोन खोल्या. अत्याचाराची तक्रार द्यायला आलेल्या मुलीची खुर्ची उचलायची, भिंतीला टेकवायची, तोंड दाराकडे. "पाठीमागून कुणी येणार नाही, एवढं तिला आधी कळू दे. मग विचारा तुमचे प्रश्न."

एकदा एक फौजदार म्हणाला, "बाई, ही चौकी आहे."

"म्हणूनच हलवतेय. आपलं घर असतं तर आधी चहा मागितला असता."

तुम्हीही अशी बाई पाहिली असेल आणि पुढे निघून गेला असाल. बुटकी, सुती साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. त्या पिशवीत एक नवा पंजाबी ड्रेस कायम असायचा. मुलीच्या अंगावरचे कपडे दवाखान्यात पुरावा म्हणून ठेवून घेतात. मग ती घरी काय घालून जाणार, हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. काकूंची सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. का, विचारलं तर म्हणाल्या, "आयुष्यभर या मुलींचे जबाब नकलले. एकीचाही चेहरा पाहिला नाही."

मी तेवीस वर्षांची होते. पत्रकं लिहायचे. संताप मला भरपूर होता आणि तो छापलाच पाहिजे, अशी खात्रीही. काकू पत्रक चष्म्याजवळ धरून वाचायच्या आणि परत द्यायच्या. "उद्गारचिन्हं भरघोस आहेत."

वारज्याच्या एका शाळेत आम्ही नववीच्या मुलांशी बोलायला गेलो. मी संमती या विषयावर वीस मिनिटं भाषण ठोकलं. मुलं छताचे पंखे मोजत होती. काकू उठल्या. "आई झोपलीय. तुला भूक लागलीय. उठवतोस?"

"उठवतो की," मागचा एक जण म्हणाला. वर्ग हसला.

"ती नको म्हणाली तर?"

"परत उठवतो."

आता कुणी हसलं नाही. "छान. मग तिथूनच सुरुवात करू," म्हणून काकूंनी टेबलाला टेकून दीड तास काढला. माझं भाषण कुणाला आठवत नसेल.

आता मूळ गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही.

मांजरी गावाजवळच्या एका वस्तीतली सतरा वर्षांची मुलगी. तिच्यावर बलात्कार करणारा वस्तीतल्याच वजनदार घरातला. तक्रार नोंदवून काही दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर तिचा जबाब होता. त्या घरातली माणसं बापाला "मिटवून टाका" म्हणून रोज गाठत होती. तिनं जबाब दिला तर केस उभी, नाही तर सगळं त्यांच्या मनासारखं. मी रागानं पेटले होते. कुणाला न विचारता पत्रक काढलं: 'शिवणक्लासहून परतणाऱ्या अल्पवयीन मुलीवर अत्याचार! वस्ती गप्प का?' नाव छापलं नव्हतं, याचा मला अभिमान होता. जबाबाच्या आदल्या सकाळीच दोघी-तिघी कार्यकर्त्यांनी ते वस्तीत वाटलं.

दुपारी काकूंनी कार्यालयात ते वाचलं. उद्गारचिन्हांबद्दल काही बोलल्या नाहीत.

"त्या वस्तीत शिवणक्लास किती?"

"एक."

"त्यात सतरा वर्षांच्या मुली किती?"

तीच एक होती. तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा बाप. "पोरगी उद्या येनार नाय. समद्यांना कळलंय. तुमी आमचं वाटोळं केलं."

आम्ही लगेच बस पकडली. वस्तीत उतरल्यावर काकू म्हणाल्या, "प्रत्येक दारात जा. कागद परत माग."

"काकू, पत्रकाचा फोटो मोबाइलवर फिरत असेल आतापर्यंत."

"फोटो खाली सरकत जातो. कागद टपरीवर चिकटून राहतो आणि ती रोज त्याच्यासमोरून जाते. जा."

मी दारोदार हिंडले. "ते पत्रक द्या ना, चुकीचं छापलंय." एक बाई दारातच म्हणाली, "चुकीचं कसं? त्या पलीकडच्या घरातलीच हाय ना?" टपरीवाल्यानं कागद भजी बांधायला घेतला होता; तेल लागलेला तसाच दिला. त्या वजनदार घराच्या ओट्यावर चार जण बसले होते. एकानं घडी केलेलं पत्रक दाखवलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. "हे राहू द्या, ताई. झकास लिवलंय." मी पुढच्या दारात गेले.

परत आले तेव्हा काकू मुलीच्या घरात जमिनीवर बसल्या होत्या. मुलगी भिंतीला टेकून, तोंड दाराकडे. काकू तिला म्हणत होत्या, "यायचं की नाही, तू ठरव. आलीस तर मी तिथं आहे. नाही आलीस तरी केस तुझीच आहे, मीही तुझीच आहे." मी गोळा केलेले कागद हातात घेऊन दारातच थांबले.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, ते तुमी लिवलं?"

"हो."

"मग मी आता कुठल्या क्लासला जाऊ?"



दुसऱ्या दिवशी कोर्टात दहा वाजले, साडेदहा वाजले. आम्ही जिन्याकडे डोळे लावून होतो. ओट्यावरचे चौघे आमच्या आधी आले होते. अकराला दहा कमी असताना आईचा हात धरून ती आली. बसायला व्हरांड्यातलं एकच बाक, जमिनीत पक्कं केलेलं. काकूंनी सवयीनं हात लावला, हलेना. चौघे बरोबर समोर.

काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या. पिशवी एका हाताला, उघडलेली छत्री दुसऱ्या. गुडघे कधीचे गेलेले. पाऊण तास झाला.

"आजी, बसा की. दमाल," त्यांच्यातला एक हसत म्हणाला.

"बसले तर तुम्हाला ती दिसेल."

दीड तास. मी बसायची जागा करून दिली तर नुसती मान हलवली. पुकारा झाला. मुलगी उठली, काकूंच्या दंडाला हात लावला आणि आत गेली. तिनं सगळा जबाब दिला. तेव्हा कुठे काकू बाकावर बसल्या आणि छत्री मिटता येईना म्हणून माझ्याकडे दिली.

पण क्लास तिचा सुटला तो सुटलाच. पुढे मावशीकडे, दुसऱ्या गावी शिकली. याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडणार नाही. त्यानंतर काकूंनी एक नियम केला: पत्रक छापण्याआधी मी त्या मुलीची शेजारीण आहे असं समजून मोठ्यानं वाचायचं. काकू समोर बसून ऐकायच्या. अर्ध्याहून जास्त मजकूर तिथंच गळायचा.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर दुसरी मुलगी होती. आरोपीची माणसं समोर. मी छत्री उघडून उभी राहिले, तरी कडेनं मुलीचा खांदा दिसत होता. मग आमची दुसरी कार्यकर्तीही येऊन शेजारी उभी राहिली.

मी काकूंपेक्षा चांगली वीतभर उंच आहे. तरी ते बाक झाकायला आता आम्ही दोघी लागतो.