कोरं लुगडं

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की अकोल्याची ती दुपार आठवते. दुसऱ्या महायुद्धामुळे सरकी काढायची जिनिंग दोन पाळ्यांत चालायची आणि गाव म्हणायचं, भरभराट आली. तिथल्याच कापसाच्या धुळीत खोकून खोकून आई गेली. सवाष्णीला न्यायला कोरं लुगडं लागतं, पण कापड सगळं फौजेकडे. बाप दुकानं हिंडला. दुकानदार म्हणाला, "रेशनचं कापड पुढल्या महिन्यात येते, भाऊ." बाप म्हणाला, "तवापर्यंत तिले ठेवू कुठी?" शेवटी जिनातल्या बायांनी कापसाच्या गाठीचं बारदान आणून तिच्याभोवती सुतळीनं शिवलं. पुढे मी घरातला पहिला बी.ए. झालो, पदवीचा कोरा झगा घातला. त्या बारदानावरचा गाठीचा नंबर मात्र अजून पाठ आहे.