कडी असलेलं एकच दार

न्हाणीघराचा नळ कधीचा वाहत होता. मी दारावर थाप मारून ओरडलो, "सई, पाणी वाया जातंय."

बायको स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "अहो, राहू द्या. रडतेय ती. आवाज येऊ नये म्हणून नळ सोडलाय."

सईसाठी आणलेली कुमार कादंबरी माझ्या हातात होती. तिच्यातली पंधरा वर्षांची नायिका दुखावली की आपल्या खोलीचं दार लावून घेते आणि खिडकीतल्या आभाळाशी बोलते. मला संतापच आला. कुठली खोली? आमच्या दोन खोल्यांच्या घरात आतून कडी लागणारं दार एकच, आणि तिथेही बाप थापा मारतो. रडायला जागा शोधणारी मुलगी या पुस्तकांत कधी भेटतच नाही. लिहिणारे तरी कोण, तर माझ्यासारखे पन्नाशीचे चष्मेवाले. असल्या सहा गोष्टी मीही छापून आणल्यात.

सई बाहेर आली. नाक लाल. "साबण गेला डोळ्यांत," म्हणाली.

मी हातातली कादंबरी पाठीमागे लपवली.

"आम्ही दोघं भाजी आणायला जातोय," मी म्हणालो. "तासभर तरी लागेल."

फ्रिज भाजीने भरलेला होता. बायकोने पिशवी उचलली.