थांबा, मॅडम

नर्सिंगच्या मुलींना मी दोन गोष्टी घसा बसेपर्यंत शिकवते. पहिली म्हणजे, इंजेक्शन देण्याआधी पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं. "तुम्हीच का अमुक?" असं विचारायचं नाही, कारण आपली माणसं दवाखान्यात कशालाही हो म्हणतात. दुसरी म्हणजे, काही चुकतंय असं दिसलं, की समोर कितीही मोठं माणूस असो, मोठ्याने "थांबा" म्हणायचं. वर्गात सरावासाठी मी मुद्दाम चुकणारा डॉक्टर बनते, तेव्हा पोरी एकमेकींकडे बघून हसतात, नाहीतर "सर, ते जरा..." असं पुटपुटतात. माझा जीव नुसता वरखाली होतो. उद्या वॉर्डात काय करणार या?

परवा मुलींना घेऊन वॉर्डात गेले, तेव्हा घाई होती. सिरिंज भरून मी एका म्हातारीला तिचं नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना?" तिने मान हलवली. मी तिची बाही वर सरकवली, तेवढ्यात नाचणगावची एक मुलगी, वर्गात सगळ्यांत हळू बोलणारी, म्हणाली, "थांबा मॅडम. नाव त्यायलेच सांगू द्या."

सगळा वॉर्ड बघायला लागला. माझं डोकंच सणकलं. म्हातारीने नाव सांगितलं, ते बरोबर निघालं, आणि त्याचा तर मला आणखीच राग आला. हेच हवं होतं ना मला, इतकी वर्षं?

"शाब्बास," मी म्हणाले.

पण आवाज असा निघाला, की मागे उभ्या असलेल्या बाकीच्या मुली एक पाऊल मागे सरकल्या.