केराबाईच्या तीन मेंढ्यांचा वंस

म्या गोजरबाई. भारत माजा सख्खा धाकटा भाऊ, आन केराबाई त्याची बायको. व्हती म्हना. आता त्यो अक्कलकोटला दुसरीसंगं ऱ्हातो आन केराबाई हितं माज्याजवळ. सांजला भाकरी थापताना गानं म्हनते, पोटभर जेवते, निवांत झोपते. लोक इचारत्यात, "गोजराक्का, भाऊ सोडून भावजय कशी धरली?" म्या म्हनते, "धरली. तुमच्या पोटात का दुकतंय?"

लग्नात केराबाईच्या बानं करमाळ्याहून तीन मेंढ्या दिल्या व्हत्या. मुंडी, बांडी आन चितळी. आमच्या घराची रीत हाय, म्हायेरची मेंढी आन तिचा वंस बाईचा. पर बावीस वर्सं कळप एकच चरला. मग भारतचं तिकडलं बिऱ्हाड उगडं पडलं, सोडचिठ्ठीची गोष्ट निगाली, आन ह्यो शाना म्हनतो कसा, "तीन आनल्या, तीन घिऊन जा."

"मुडद्या, त्या तिनीबी कवाच मेल्या की!" म्या वरडले.

तीन मेंढरांवर बाईनं काय खायाचं? वंस मिळाला न्हाय तर भावाच्या दारात जायाचं, न्हायतर दुसऱ्याच्या कळपामागं राबायचं. "वन्सं, म्या कुनाच्या दारात जानार न्हाय," केराबाई म्हनली.

मग आमी सोलापुरात शुक्रवार पेठेत मालती वकीलबाईंकडं गेलो. बाई भली. म्हनली, "माहेरहून आलेलं तुमचंच. पण कोणती मेंढी कुणाची, याला पुरावा? पावत्या आहेत का काही?"

म्या कपाळावर हात मारला. "बाई, मेंढरू पावती घिऊन जलमतंय व्हय?"

केराबाई हळूच म्हनली, "मला समद्यांच्या आया-आज्या तोंडपाट हायती की."

ठरलं. वकीलबाई वही घिऊन गावात आली. पंच म्हनून गावातला तिप्पण्णा बसला. जिची आई-आजी केराबाईला सांगता येनार न्हाय, ती मेंढी भारतची, असं भारतनं कबूल करून घेतलं. वाटलं आसंल, बाईमानूस, धा-पाच सांगून दमंल.

मेंढरांच्या जाळीच्या वाड्याचं तोंड जरासं उगडलं. एकेक मेंढी भाईर यायची आन केराबाई बोलायची. "ही मुंडीची पनती. ही बांडीच्या थोरल्या लेकीची नात. ही माजी न्हाय, त्यांची." जाडजूड मेंढी आली तरी त्यांची म्हंजे त्यांची. तिप्पण्णानं दोन-चारदा भारतकडं बगितलं. भारतनं व्हय म्हनून मान हलवली. खोटं काडायला जागाच न्हाय! म्या तर पदरात हसत व्हते. दुपार कलली तवा केराबाईच्या बाजूला एकोनसत्तर झाली आन वाड्यात एकच ऱ्हायली.

ती तपकिरी. कळपातली एक लंबर, दर वेताला जुळी देनारी.

"ही त्यांची," केराबाई म्हनली. "त्यांच्या काळ्या मेंढीचं दूद प्यालीया."

वकीलबाईनं लिवायला पेन टेकवला.

"न्हाय," भारत म्हनला.

समदे वळले. त्यो जिमिनीकडं बगून बोलत व्हता. "ही तुजी हाय. तुज्या आईच्या मातीला तू करमाळ्याला गेलती, तवा तुज्या चितळीची नात व्याली आन मेली. म्या तिचं कोकरू माज्या काळीला लावलं. तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

ह्ये त्याच्याबिगर कुनालाच ठावं नव्हतं. गप बसला असता तर मेंढी त्याची झाली असती. चार वर्सं बायकोशी धडधडीत खोटं बोलला ह्यो मानूस, पर मेंढराची आई खोटी सांगवंना त्याला! मला त्याचा रागबी आला आन रडूबी.

केराबाईनं तपकिरीला कानाला धरून आपल्या बाजूला वडलं. मग नवऱ्याकडं बगितलं. दिसभरात पयल्यांदाच.

"येवडं खरं माज्याशी बोलला असता," ती म्हनली, "तर ही वाटनी कशाला लागली असती?"

केराबाईनं हाळी दिली आन सत्तर मेंढरं तिच्या मागं चालाया लागली.