दिव्याचं लाटणं

आमच्या घरात दोन लाटणी होती. एक पोळ्यांचं, दुसरं दिव्याचं.

दिव्याचं लाटणं मोरीच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं असे. मोरीतल्या पितळी बटणाला ओला हात लागला की झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत! म्हणून बटण लाटण्यानं ढकलायचं, अशी काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या खोलीची रीत. पाहुण्यांना चहाच्या आधी लाटणं दाखवलं जाई. यात काही वावगं आहे हे तीसेक वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. (डोकी झिणझिण्यांनी बधिर झाली असावीत.)

ते आलं आमच्या सुनेच्या, ऋचाच्या डोक्यात. ती बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेली होती. नातीचं नामकरण आठ दिवसांवर आलं आणि तिचा फोन आला.

"बाबा, बाळाला आंघोळ मोरीतच घालणार ना?"

"मग काय गच्चीवर?"

"मग ते बटण, ती फ्यूजची पेटी, सगळं बदला. नाहीतर नामकरण इकडेच करू."

इकडे म्हणजे कल्याणला! आईनं पणतीसाठी दुपटी शिवून ट्रंक भरली होती, आणि आईचे गुडघे तिला चाळीचा जिनासुद्धा उतरू देत नाहीत. कल्याण कुठलं गाठतेय! नामकरण तिकडे झालं असतं तर आईला ते फोनवरच बघावं लागलं असतं.

वायरमन म्हणून आली सुप्रिया. आयटीआय केलेली, बोलणं मोजकं. तिनं आमची जुनी पेटी उघडली आणि आत बोट दाखवलं.

"काका, फ्यूजमध्ये तारेच्या जागी हे काय?"

"आईची केसांची पिन," मी छाती फुगवून सांगितलं. "तेव्हापासून फ्यूज उडालाच नाही!"

"तो उडायलाच पाहिजे, काका. त्याच्यासाठीच असतो तो."

दिव्यांच्या वायरींना अर्थिंग नावालाही नव्हतं. सुप्रियानं दोन दिवस खपून सगळ्या वायरी बदलल्या, अर्थिंग दिलं, पितळी बटण काढून प्लास्टिकचं बसवलं आणि नवी पेटी लावली. राहिला फक्त बुद्धाच्या तसबिरीवरचा दिवा.

"ही वायरिंग मी स्वतः केलेली आहे. एक नंबर! तसबीर हलवू नकोस," मी म्हटलं.

"मग तो दिवा मी जोडणार नाही," ती म्हणाली. निघताना तिनं नव्या पेटीतलं मोठं बटण दाखवलं. "जेवढा करंट जातो तेवढा परत आला नाही, की हे आपोआप पडतं. आणि सगळं घर बंद."

ती जिना उतरली आणि मी मेन बंद करून तो दिवा जोडून टाकला. (एकच तर तार जोडायची होती!)

संध्याकाळी सातला आई वंदनेला बसली. खट्! घरभर अंधार. मी बटण वर केलं. खट्! पुन्हा केलं. खट्! शेजारी तेंडोलकर काकूंच्या घरात मात्र सातची मालिका दणक्यात चालू.

"अरे, मी दिवा लावला आणि गेलं," आई म्हणाली.

"आई, तू मध्ये बोलू नकोस. टेक्निकल आहे."

जेवढा जातो तेवढा परत येत नाही! मग जातो कुठे? मी भिंतीला कान लावला. पलीकडून मालिकेतली सासू ओरडत होती, आमच्या करंटवर! मी तसाच गॅलरीत गेलो आणि चार बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काकू, आमचा करंट तुमच्याकडे येतोय!"

"काय म्हणालंस, वसंता? मी चोर?" काकू दारात आल्या. "मेल्या, ल्हानपणापासून माझे बांगडे खाल्लंस, ते इले काय कधी परत? जा! पाळणो म्हणूक मी येवचंय नाय!"

दार धाडकन बंद झालं. काकूंच्या पाळण्याशिवाय आमच्या मजल्यावर एकाही बाळाचं नाव ठेवलं गेलेलं नाही. दिवा गेला, पाळणा गेला, आणि ऋचा रविवारी येणार होती.

शनिवारी सुप्रिया आली. तिनं काही न विचारता आधी तसबीर उतरवली. मागे भिंतीला भोक, आणि भोकातून एक वायर थेट काकूंच्या घरात गेलेली.

आणि मला आठवलं. अठरा वर्षांचा असताना बुद्धपौर्णिमेला हा दिवा मीच लावला होता. वायर चार हात कमी पडली. भिंतीपलीकडेच काकूंची वायर होती, म्हणून दिव्याचं दुसरं टोक मी तिला जोडून दिलं! दिवा लागल्यावर काकूंनीच लाडू देऊन मला 'इंजिनेर' म्हटलं होतं.

"म्हणजे करंट जातो आपल्याकडून..." मी चाचरत म्हणालो.

"आणि परत जातो काकूंकडून. चाळीस वर्षं. जुन्या पेटीला ते कळत नव्हतं, नवीला पहिल्याच दिवशी कळलं."

"मी सांगत होते," आई म्हणाली. "पण मी टेक्निकल नाही ना."

सुप्रियानं काकूंकडची वायर तोडून दिव्याची दोन्ही टोकं आमच्याच नव्या वायरींना जोडली. मी काकूंच्या दारात जाऊन खरोखरचे कान धरले. काकूंनी मला पुरती पाच मिनिटं तसंच उभं ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या किती वाजता येव?"

रविवारी ऋचा आली. बाळ आईच्या हातात देऊन ती आधी मोरीत गेली, बटणावर बोट ठेवलं. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. नुसता दिवा लागला! काकूंनी पाळणा म्हटला, आईनं पणतीच्या कानात नाव सांगितलं, तसबिरीवरचा दिवा शेवटपर्यंत तेवत राहिला, आणि मला अगदी भरून आलं.

त्या भरात मी खिळ्यावरचं लाटणं काढायला गेलो.

"राहू दे तिथेच," आई म्हणाली.

"आता कशाला? शॉक नाही बसत."

"बटणासाठी नाही. त्या नव्या पेटीला तू हात लावायला गेलास, तर माझ्या हाताशी असू दे."

तेव्हापासून आमच्या घरातला साधा बल्बसुद्धा सुप्रिया बदलते. मी लांब उभा राहून बॅटरी धरतो!