निपाणीला जाण्याचा जिहाद

त्या सात वर्षांत मी पाच वेळची नमाज चुकवली नाही, आणि तरी नमाजेवरून उठताना काही मिळालं असं एकदाही वाटलं नाही. निपाणीपासून रात्रभराच्या वाटेवर, राजाजीनगरच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. अम्मा निपाणीला थोरल्या भावाकडे होती आणि भाईजानशी माझं बोलणं ती सातही वर्षं बंद होतं. अब्बा गेल्याची तार आली तेव्हा मी मिळेल त्या गाडीने निघालो होतो. पण आमच्यात मय्यत ठेवून घेत नाहीत. पोचलो तर दफन कालच झालेलं. एक रात्र थांबला असतास तर काय बिघडलं असतं, असं मी कबरस्तानात चारचौघांसमोर ओरडलो आणि आजपासून मला भाऊ नाही म्हणून आल्या पावली परतलो.

अम्माला लिहिता-वाचता येत नसे. दर महिन्याला पत्र यायचं ते भाईजानच्या अक्षरात. 'अम्मा सांगते' अशी सुरुवात आणि शेवटी ठरलेलं, 'बाळा, एकदा येऊन जा.' माझं उत्तरही तोच वाचून दाखवणार, म्हणून मी त्यात त्याच्यासाठी साधा सलामही लिहीत नसे. कुणाच्या घरून भाकरी भाजल्याचा वास आला की माझे पाय रस्त्यातच थबकत. कितीदा रजेचा अर्ज लिहिला आणि दारात भाईजान उभा असेल या विचाराने फाडला. अम्मासाठी जीव तुटत होता, पण हट्ट सुटत नव्हता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातल्या देशपांडेंनी सरळ मनाने विचारलं, "काय हो, जिहाद म्हणजे धर्मयुद्धच ना?" मी उसळून वाटेल ते बोललो. उत्तर मात्र मला येत नव्हतं. त्यांचं तोंड बंद करील असं काहीतरी मिळवायला मी संध्याकाळी मशिदीशेजारच्या पिंजारी चाचांकडे गेलो. चाचा धारवाडकडचे, गाद्या भरता भरता किताबं वाचलेले.

"स्वल्प बस," म्हणत त्यांनी कापूस सारून जागा केली. शब्दाचा मूळ अर्थ झटणं, असं ते म्हणाले. तलवारीचाही जिहाद आहे, पण त्याला अटी आहेत, बायकापोरांवर हात टाकायचा नाही, आणि तो कधी करावा यावर आलिमांत, म्हणजे धर्मपंडितांत, मतभेद आहेत. कुणी जुलमी राजापुढे खरं बोलण्याला जिहाद म्हणतात. सूफी एका वचनाच्या आधाराने आपल्या नफ्साशी, म्हणजे आतल्या हट्टाशी झगडण्याला मोठा जिहाद मानतात, तर काहींना ते वचनच कच्चं वाटतं. मला हे सगळं गुळमुळीत वाटलं. मग ते म्हणाले, एक माणूस पैगंबरांकडे लढाईला जायची परवानगी मागायला आला. त्यांनी विचारलं, आईबाप आहेत? आहेत म्हणाल्यावर सांगितलं, मग त्यांच्यासाठीच झट.

"तुझी अम्मा हाय न्हवं?" चाचांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. "सरी, बरं तर," ते म्हणाले, "मग हितं काय करतोस?" आणि काम तसंच टाकून मला गाडीत बसवायला स्टेशनापर्यंत आले. मी वाटेतून परत फिरेन हे त्यांनी ओळखलं असावं.

दार भाईजाननेच उघडलं. अम्मा खाटेवर बसली होती. माझ्याकडे पाहून तिने त्याला विचारलं, "हे पाहुणे कुठले?" दोन वर्षांपासून तिला कुणाचीच ओळख उरली नव्हती.

"मग पत्रं कोण सांगत होतं?" मी विचारलं.

"मीच लिहीत होतो," भाईजान म्हणाला. "माझ्या नावानं लिहिलं असतं तर तू वाचलं असतंस?"

कबरस्तानातलं 'मला भाऊ नाही' हे वाक्य पुन्हा माझ्या ओठांवर आलं. अम्मा मला विसरत चालली होती हे याने माझ्यापासून लपवलं होतं. इतका राग मला अब्बांच्या वेळीही आला नव्हता. तो गिळायला जे बळ लागलं ते माझं नव्हतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मी त्याच्या हातातली पेजेची वाटी घेतली आणि अम्माला भरवायला बसलो. दोन वर्षं मला 'येऊन जा' म्हणणारा माणूस शेजारी उभा होता.

चार महिन्यांनी पुन्हा तार आली. या वेळीही दफनाला मी पोचलो नाही. चाचांनी सांगितलेल्या अर्थांपैकी माझा कोणता, ते मी कधी शोधलं नाही. अल्लाने ते चार महिने दिले, त्यातल्या प्रत्येक रजेत अम्माला माझ्या हातून दोन घास दिले, याचे आभार मानून मी भाईजानजवळ कबरीपाशी उभा राहिलो. आमच्यात प्रत्येक जण कबरीवर तीन मुठी माती टाकतो. "तुझ्या तीन मी टाकल्या," तो हळूच म्हणाला. "अब्बांच्या वेळीही टाकल्या होत्या."