दीक्षेच्या पातळावरची खूण

आईच्या पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी एक पांढरं पातळ असायचं. नागपूरला दीक्षेला जाताना नेसलेलं, आणि परत आल्यावर धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून आठवण म्हणून ठेवलेलं. तिनं ते पुन्हा कधी अंगाला लावलं नाही. माझ्या लग्नात मात्र मी तेच नेसायचं, हे तिनं मी परकरात होते तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात बहुतेक गोष्टी अशाच ठरायच्या. बाबा फक्त मान डोलवायचे.

आमचं गाव वडनेर भोलजीच्या पलीकडं. आई मिरचीच्या मळ्यात रोजानं जायची, आणि होती मोठी ताठ. मळ्याच्या मालकांच्या घरून कुणीतरी मला एक जुना फुलाफुलांचा फ्रॉक दिला होता. मी तो घालून नाचत घरी आले. आईनं तो अंगावरून उतरवला, नीट घडी घातली आणि उभ्या पावली परत देऊन आली. दीक्षेनंतर दुसऱ्याचं उतरलेलं अंगावर घालायचं नाही, ही तिची काळ्या दगडावरची रेघ. मी दिवसभर भोकाड पसरलं, पण तिच्यावर काही परिणाम झाला नाही. तिच्या त्या ताठ कण्यातला अर्धा जरी माझ्या वाट्याला आला असता तरी मी धन्य झाले असते.

माझं लग्न ठरलं तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं करून आले होते. लग्नाच्या आधी त्या पातळाला जरा नीळ द्यावी म्हणून मी ते पेटीतून काढलं. धुऊन तुरकाठ्यांच्या कुंपणावर पसरताना एका कोपऱ्यात, काठाच्या आतल्या बाजूला, काळी खूण दिसली. तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ.

ती कशाची हे मला लगेच कळलं. बुलढाण्याच्या वसतिगृहात धोबी आमच्या कपड्यांवर बिब्ब्यानं अशाच खुणा घालायचा, कुणाचं काय ते ओळखू यावं म्हणून. बिब्ब्याचा डाग मेला तरी जात नाही. पण आमच्या गावात परीट आमच्या वस्तीचे कपडे कधी घेतच नव्हता. म्हणजे हे पातळ अशा घरातून आलं होतं, ज्या घरी परीट जात होता. आणि आम्ही तर लहानपणापासून ऐकत आलो होतो, की ते नांदुऱ्याच्या बाजारातून विकत आणलेलं आहे.

मी पातळ कुंपणावरून ओढून घेतलं. दीक्षा घ्यायला गेलेली माझी आई कुणाचं तरी जुनेर नेसून गेली होती? मग माझा फ्रॉक कशाला परत केला? आईच खोटी निघाली तर बाकी खरं काय उरतं, असं वाटून मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. हे पातळ नेसायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तिनं ते नांदुऱ्याच्या स्टेशनावर नेसलं तेव्हाच मी पहिल्यांदा पाहिलं, तिलाच विचार.

आई मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी तो कोपरा तिच्यापुढं धरला. तिनं हात पुसले, खूण पाहिली आणि काही आढेवेढे न घेता सांगायला लागली.

दीक्षेला पांढरे कपडे घालून या, असा निरोप गावोगाव आला, आणि नांदुऱ्याच्या दुकानांतली पांढरी पातळं बघता बघता संपली. आई रिकाम्या हातानं परतली. दुसऱ्या दिवशी मळ्यात तिचा पडलेला चेहरा मालकांच्या धाकट्या सुनेनं पाहिला. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला होता, आणि त्या कोवळ्या वयापासून ती पांढऱ्यात होती. तिनं कारण विचारलं. माझ्याकडं पांढऱ्याशिवाय दुसरं आहे काय, एक घेऊन जा, म्हणाली. आई म्हणाली, फुकट नेणार नाही. मग काय देशील, सुनेनं विचारलं. आईकडं लग्नातलं हिरवं लुगडं होतं, तेच तिनं सांगितलं. सून हसेल असं आईला वाटलं. ती म्हणाली, आण.

"उतरलेलं नाई घेतलं म्या, पोरी," आई म्हणाली. "बदलून घेतलं. आन तिनं हातातून हातात घेतलं. खाली ठेव म्हटलं नाई."

तेव्हा आमच्या हातातली वस्तू आधी जमिनीवर ठेवावी लागे, मग ती उचलली जाई. त्यामुळे ते ऐकून माझा राग कुठल्या कुठं गेला.

मग इतकी वर्षं लपवलंस काऊन, असं मी विचारलं.

"माह्या तोंडातून निंगालं असतं त तिले जितं ठेवलं असतं काय त्याइनं?"

विधवेच्या पेटीत हिरवं लुगडं! ती आणि आई, दोघीही आज नाहीत, म्हणून मी हे लिहायला धजते. तिचं नाव मात्र लिहिणार नाही. ते लुगडं ती एकदाच नेसली होती, मळ्यातल्या इंजिनाच्या खोलीत, दार लोटून. आई बाहेर राखणीला होती. दार किलकिलं करून तिनं विचारलं, कशी दिसते? आई म्हणाली, नवरी. त्यानंतर ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

एवढं सांगून आई पुन्हा देठ खुडायला लागली. मग तिनं हळूच विचारलं, "विधवेचं लुगडं व्हय ते. नवरी होऊन नेसशीन काय तू?"

ट्रेनिंगमध्ये मी शकुन-अपशकुनांवर भाषणं ठोकायचे, तरी त्या क्षणी मी कचरले, हे खरं सांगते. पण ते पातळ नेसलेल्या बायकोशेजारी बसून दीक्षेला गेलेले बाबा अंगणात खुशाल हरभरे खात होते. पुढं ते ऐंशी पार करून गेले. मी म्हटलं, नेसीन. आई तो कोपरा कातरायला निघाली होती, मी कातरू दिला नाही.

लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा हौसेनं त्या पातळाची घडी घालायला बसला. मास्तर माणूस, चळवळीतला, नजर बारीक. ही परटाची खूण आपल्याकडं कशी, त्यानं विचारलं. मळ्याच्या मालकांची ती सून तेव्हा हयात होती; मी म्हटलं, दुकानदारानं घातली असेल. त्याला पटलं नाही, ते मला दिसत होतं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. संसाराच्या पहिल्याच सकाळी मी नवऱ्याशी डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलले, आणि आपण आपल्या आईची लेक शोभतो, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.